उपाशीपोटी आल्याचा काढा आणि छातीतली जळजळ

प्रश्न आधी थोडक्यात सांगते. पुण्याच्या एक ताई आहेत, वय ४४. जुलैच्या मध्यापासून रोज सकाळी उठल्याबरोबर, काहीही न खाता, त्या मोठा पेलाभर आल्याचा काढा घेतात. बोटभर आलं ठेचून दोन पेले पाण्यात टाकायचं, पाणी निम्मं होईपर्यंत उकळायचं, गाळून त्यात अर्धं लिंबू पिळायचं आणि चमचाभर मध घालायचा. पहिले दोन महिने सर्दी झाली नाही, पोट हलकं राहिलं, भूकही छान लागली. सप्टेंबर संपता संपता छातीत जळजळ सुरू झाली. आता अकराच्या सुमाराला आंबट ढेकर येतात आणि तोंडही आलंय. त्यांचे प्रश्न असे: आलं मला सोसत नाही का? त्याऐवजी सुंठ घेऊ का? सासरे ७३ वर्षांचे आहेत, हृदयाची झडप बदललेली असल्यामुळे रक्त पातळ ठेवायची गोळी चालू आहे, त्यांनाही मी हाच काढा देते, ते बरोबर आहे का? जाऊबाईंना तिसरा महिना आहे, मळमळ फार होते, त्यांना द्यावा का? आणि जाता जाता, आल्याचा चहा मधूनच फाटतो, तो का?

ताई, काढा उद्यापासून बंद करा. सासऱ्यांचा तर आजच. कारणं पुढे सांगतेच. पण आलं सोसत नाही असं ठरवून ते स्वयंपाकघरातून काढून टाकू नका. तुम्ही लिहिलेले महिने पाहिले की बरंचसं कळतं. जुलैचा मध्य म्हणजे आषाढाचे दिवस, हवा थंड आणि ओली, भूक मंदावलेली. सप्टेंबरची अखेर म्हणजे भाद्रपद सरून आश्विन लागायची वेळ. पाऊस ओसरला, ऊन तापायला लागलं, तुमचा पेला मात्र आषाढातलाच राहिला.

मी साताऱ्यात २६ वर्षं वैद्यकी करते आणि दरवर्षी घटस्थापनेपासून दिवाळीपर्यंत माझ्याकडे हेच रुग्ण जास्त असतात: जळजळ, आंबट ढेकर, तोंड येणं, डोळे चुरचुरणं, अंगावर पित्त उठणं. सकाळी काय काय घेता असं विचारलं की अनेकांकडून कुठला ना कुठला काढा निघतो. २०२० सालच्या साथीत हे मी फार पाहिलं. त्या वर्षी एप्रिलमध्ये आयुष मंत्रालयाने जो काढा सुचवला होता, त्यात तुळस चार भाग, दालचिनी दोन भाग, सुंठ दोन भाग आणि काळी मिरी एक भाग होती. मात्रा होती ३ ग्रॅम पूड १५० मिलिलिटर पाण्यात. हिशेब केला तर त्यात सुंठ पाऊण ग्रॅमसुद्धा भरत नाही. घराघरांत मात्र मोजमाप गळून पडलं आणि नुसती यादी उरली. एप्रिल-मेच्या उन्हात लोक मिरी-सुंठीचे पेले दिवसातून तीन-चारदा प्यायले आणि पुढे पोट धरून बसले. तेव्हापासून मी रुग्णाला औषधाचं नाव सांगण्याआधी चमचा दाखवते.

सोळाव्या शतकातल्या भावप्रकाश या ग्रंथात आल्याबद्दल दोन गोष्टी जवळजवळ आहेत. पहिली आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे: जेवणाआधी आलं आणि मीठ खावं, भूक लागते, जीभ आणि घसा साफ होतो. दुसरी फारसं कोणी सांगत नाही. त्वचेचे विकार, पांडुरोग (अंग फिकं पडणं), लघवीचा त्रास, रक्तपित्त (नाका-तोंडातून किंवा इतरत्र रक्त पडणं), जखमा, ताप आणि अंगाची आग होत असताना, तसंच ग्रीष्म आणि शरद या दोन ऋतूंत ओलं आलं योग्य नाही, असं तिथे स्पष्ट म्हटलंय. शरद म्हणजे आश्विन-कार्तिक, आपली ऑक्टोबरची तलखी. पावसाळ्यात शरीरात पित्त साठत जातं आणि शरदातलं ऊन लागलं की ते उसळतं, अशी आयुर्वेदाची मांडणी आहे. कोजागरीला आपण थंडगार चांदण्यात ठेवलेलं आटीव दूध पितो ते याच दिवसांत. तुम्ही त्याच दिवसांत रोज सकाळी आलं, लिंबू आणि रिकामं पोट असं तिन्ही एकत्र आणलंत.

आता प्रमाणाकडे येऊ, कारण तुमच्या प्रश्नाची खरी मेख तिथेच आहे. बोटभर आलं मी तराजूवर ठेवून पाहिलंय, १५ ते २० ग्रॅम भरतं. ओल्या आल्यात साधारण ८० टक्के पाणी असतं. म्हणजे पाच ग्रॅम ओलं आलं आणि एक ग्रॅम सुंठ हा ढोबळ हिशेब धरता येतो. तुमचं २० ग्रॅम आलं म्हणजे चार ग्रॅम सुंठ झाली. सुंठीच्या चूर्णाची नेहमीची मात्रा एक ते दोन ग्रॅम, तीही वैद्य काही कारणाने आणि काही दिवसांपुरती देतो. आल्यातलं सगळंच पाण्यात उतरत नाही हे खरं. तरी तुम्ही चहा समजून जे पीत होतात ते औषधाच्या मात्रेच्या वरचं होतं, आणि ते अडीच महिने चाललं होतं.

इथे काढा आणि फांट यांतला फरक सांगायलाच हवा. शार्ङ्गधरसंहिता या आयुर्वेदाच्या ग्रंथात काढ्याचं माप आहे: एक भाग औषधाला सोळा भाग पाणी, आणि ते आटवून आठवा भाग उरवायचं. हे सालींसाठी, कडक मुळांसाठी, काष्ठौषधींसाठी ठीक आहे. सुगंधी, नाजूक द्रव्यांसाठी फांट सांगितलाय. फांट म्हणजे उकळतं पाणी द्रव्यावर ओतायचं, झाकायचं, निवलं की गाळून घ्यायचं. गवती चहा, तुळस, पुदिना यांचा फांट करावा. आलं मधे बसतं. त्याचा वास उडणाऱ्या तेलात असतो आणि तिखटपणा न उडणाऱ्या राळेसारख्या भागात. भांडं उघडं ठेवून वीस मिनिटं आटवलं की वास सगळ्या घरात दरवळतो आणि पेल्यात उरतो तो मुख्यतः तिखटपणा. पिताना घशाला चटका बसतो म्हणून माणसाला वाटतं की औषध जोरात लागू पडतंय. रोजच्या पेल्यासाठी मला झाकून मुरवलेलं आलं जास्त पसंत आहे. चवीला गोडसर लागतं आणि पोटालाही मऊ असतं.

तिखटपणाचं थोडं रसायन सांगते, कारण सुंठीचा तुमचा प्रश्न त्याने सुटतो. ताज्या आल्याचा तिखटपणा प्रामुख्याने जिंजेरॉल या द्रव्याचा. आलं वाळवलं की त्यातल्या काही जिंजेरॉलमधून पाण्याचा अंश निघून जातो आणि शोगाओल तयार होतं. जपानी भाषेत आल्याला शोगा म्हणतात, त्यावरून हे नाव पडलं. शोगाओल जिंजेरॉलच्या दुपटीहून तिखट मानलं जातं. आलं शिजवताना जिंजेरॉलपासून झिंजेरोन हे तिसरं द्रव्यही बनतं, ते सौम्य आणि गोडसर वासाचं असतं. आलेपाकाला किंवा फोडणीतल्या आल्याला जो गोडवा येतो त्यात त्याचा वाटा आहे. मिरचीतलं कॅप्सेसिन आपल्या शरीरातल्या ज्या संवेदकाला जागं करतं, त्यालाच जिंजेरॉल आणि शोगाओलही जागं करतात. अन्ननलिकेचं किंवा जठराचं अस्तर आधीच हुळहुळलेलं असेल तर मिरचीने जशी आग होते तशीच आल्यानेही होणार. त्यामुळे जळजळ होत असताना आल्याऐवजी सुंठ हा पर्याय या क्षणी चुकीचा ठरेल.

पण बाकीच्या वेळी सुंठ आणि आलं ही एकाच झाडाची दोन वेगळी औषधं आहेत, हे आपल्या जुन्या वैद्यांनी बारकाईने टिपून ठेवलंय. ओलं आलं पचायला जड, रूक्ष आणि मळ मोकळा करणारं. सुंठ हलकी, किंचित स्निग्ध आणि पातळ शौचाला बांधून ठेवणारी. म्हणून पावसाळ्यात पोट बिघडून पातळ होत असेल तर मी सुंठ देते, आणि पोट जड, तोंडाला चव नाही, जेवणावर वासना नाही असं असेल तर आल्याचा तुकडा मीठ-लिंबू लावून जेवणाआधी चघळायला सांगते. रामनवमीचा आणि गोकुळाष्टमीचा सुंठवडा खोबरं-साखरेबरोबर येतो, आणि पावसाळ्यात सकाळी आजी सुंठ-गूळ-तुपाची सुपारीएवढी गोळी हातावर ठेवायची. त्या गोळीत सुंठ जेमतेम अर्धा ग्रॅम असेल, आणि तिखटपणाला तुपाची साथ असायची. सर्दी-खोकल्याशी सुंठ इतकी जोडली गेली की ‘सुंठीवाचून खोकला गेला’ ही म्हण तयार झाली. आजीच्या त्या गोळीचं प्रमाण आणि तिच्यातलं तूप, या दोन्ही गोष्टी आताच्या काढ्यांतून नाहीशा झाल्यात, आणि मला त्याचं खरोखर वाईट वाटतं.

उपाशीपोटीच घ्यायला हवं का? नाही. हा आग्रह कुठून रुजला मला कळत नाही, पण रोज कोणीतरी विचारतंच. भूक वाढवण्यासाठी आल्याची सांगितलेली वेळ जेवणाच्या तोंडावरची आहे, म्हणजे पाठोपाठ अन्न येणार हे गृहीत आहे. तुम्ही सहाला काढा घेता आणि नाश्ता साडेनऊला करता. मधले साडेतीन तास जठराला चाळवून ठेवलेलं असतं आणि पचवायला काहीच नसतं. ज्यांना आल्याचा पेला हवाच आहे त्यांनी तो नाश्त्याबरोबर किंवा नाश्त्याच्या दहा-पंधरा मिनिटं आधी घ्यावा. पोट नाजूक असेल तर आधी चार भिजवलेले मनुके किंवा अर्धी भाकरी खावी. रिकाम्या पोटी आलं प्यायल्याने पोटावरची चरबी वितळते असंही सांगितलं जातं. तसं होत नाही. शरीरातली घाण काढण्याचं काम यकृत आणि मूत्रपिंडं करतात, त्यासाठी त्यांना आल्याचा पेला लागत नाही. आलं जे खरं करतं तेही कमी नाही. जठरातलं अन्न पुढे सरकवायला ते मदत करतं, मळमळ कमी करतं, गॅस मोकळा करतं, चोंदलेलं नाक आणि धरलेला घसा सैल करतं.

लिंबू तुमच्या बाबतीत आगीत तेल ठरलं. जळजळ नसणाऱ्यांनीसुद्धा रोज सकाळी लिंबाचं गरम पाणी घोट घोट पीत बसलं तर दातांचं कवच झिजतं, तेव्हा नंतर साध्या पाण्याने चूळ भरा. मध उकळत्या काढ्यात घालू नये, बोट सहज बुडवता येईल इतपत निवल्यावर घालावा. आणि घरात वर्षाच्या आतलं बाळ असेल तर त्याला मधाचं बोटही लावायचं नाही.

आता मी स्वतः काय करते ते सांगते. माझं माहेर कोरेगाव तालुक्यातलं, आल्याच्या पिकाचं. अक्षय तृतीयेच्या आसपास गादीवाफ्यांवर लागण आणि पौष-माघात काढणी, हे बघतच मी वाढले. आमच्याकडे आल्याचा भाव किलोवर नाही, गाडीवर सांगतात, आणि गाडी म्हणजे ५०० किलो. आपण आल्याला मूळ म्हणतो, पण तो जमिनीत आडवा वाढणारा खोडाचा कंद आहे. खरी मुळं म्हणजे त्याला लोंबणारे दोरे. नवं आलं पातळ सालीचं, रसाळ आणि सौम्य असतं. जमिनीत जास्त दिवस राखलेलं जुनं आलं रेषाळ, घट्ट आणि चांगलंच तिखट. पावसाळ्यात तुम्ही आणलेलं आलं बहुतेक जुनं असणार. म्हणजे बोटभर नव्या आल्यात आणि बोटभर जुन्या आल्यातही फरक पडतो. आलं कापून एक काप चाखा आणि मग किती घालायचं ते ठरवा.

एका कपाला, म्हणजे १५० मिलिलिटरला, मी रुपयाच्या नाण्याएवढ्या आकाराचे दोन पातळ काप घेते. ते दोन-तीन ग्रॅम होतात. साल सोलत नाही, चमच्याच्या कडेने वरचेवर खरवडते, कारण तेलाच्या पेशी सालीलगतच दाट असतात आणि सुरीने जाड साल काढली की वासाचा मोठा भाग कचऱ्यात जातो. पाण्याला उकळी आली की काप टाकायचे, मिनिटभर उकळायचं, गॅस बंद करून गवती चहाच्या दोन-तीन पाती गाठ मारून सोडायच्या, झाकण ठेवायचं आणि पाच-सात मिनिटं विसरून जायचं. गोड हवं तर गुळाचा खडा. पावसाळ्यात आणि मार्गशीर्षापासून फाल्गुनापर्यंत हा माझा सकाळचा पेला असतो. सर्दी झाली, अंग मोडून आलं, तर तेच काप ठेचून घेते, चार मिनिटं झाकून उकळते, सोबत तुळशीची पाच-सहा पानं आणि दोन मिरे. हे तीन दिवस, फार तर पाच. सर्दी गेली की पुन्हा साधा पेला.

शरदात मी आलं चहातून पूर्ण काढते. फोडणीत, चटणीत असतं तेवढं पुरे. उन्हाळ्यातही तसंच, महाबळेश्वरसारख्या ठिकाणी पहाटे थंडी असेल तर गोष्ट वेगळी. या दिवसांत सकाळी काहीतरी गरम हवंच असतं, त्यासाठी गोव्यात आणि दक्षिण कोकणात जो कषाय करतात तो मला फार आवडतो. धणे मुख्य, त्याच्या निम्मे जिरे, थोडी बडीशेप, सगळं मंद भाजून जाडसर कुटून ठेवायचं. कपाला एक चमचा, दोन-तीन मिनिटं उकळी, गूळ आणि हवं तर दूध. घरोघरी त्यात थोडी सुंठ किंवा मिरीही पडते, ती तुम्ही या महिन्यात वगळा. पित्ताच्या माणसाला आल्याचा पेला सोडवत नसेल तर मी हा कषाय हातात देते, आणि बहुतेकांची सवय आठवड्यात वळते.

चहा फाटण्याबद्दल. आल्यात प्रथिनं तोडणारं एक विकर असतं, पपईतल्या पपेनसारखं. कोमट-गरम दुधात कच्चं आलं पडलं की ते दुधातल्या प्रथिनांवर काम करतं आणि दूध फाटतं किंवा दह्यासारखं धरतं. दक्षिण चीनमध्ये ग्वांगडोंग भागात याच गुणाचा उपयोग करून गरम दुधात आल्याचा रस घालतात आणि विरजण न लावता ते थिजवून खातात. उकळत्या पाण्यात हे विकर मरतं. म्हणून क्रम पाळा: आधी पाणी, त्यात ठेचलेलं आलं, दोन मिनिटं खळखळून उकळी, मग चहापूड, आणि दूध शेवटी. दूध तापवायला ठेवून त्यात आलं किसलंत तर कधी फाटेल, कधी नाही. दूध किती ताजं आणि आलं किती कोवळं यावर ते अवलंबून राहतं. गुळाच्या चहाचंही तेच, गूळ गॅस बंद केल्यावर घाला.

आता सासऱ्यांचं, आणि इथे मी तुम्हाला आग्रहाने सांगते. झडप बदललेल्या माणसाला बहुधा वॉरफरिन किंवा ॲसिनोकूमारॉल दिलेलं असतं. रक्त किती पातळ झालंय ते आयएनआर या तपासणीने पाहतात आणि त्यावरून गोळीचं प्रमाण ठरवतात. ही दोरीवरची कसरत असते. जास्त पातळ झालं तर रक्तस्राव, कमी झालं तर झडपेवर गुठळी. आल्यातल्या द्रव्यांमुळे रक्तातल्या बिंबिका (प्लेटलेट्स) एकमेकींना चिकटण्याचं प्रमाण कमी होऊ शकतं. निरोगी माणसांवरच्या एका छोट्या अभ्यासात वॉरफरिनवर आल्याचा परिणाम दिसला नाही, पण औषध घेणाऱ्या काही रुग्णांचा आयएनआर आल्यामुळे वाढल्याच्या नोंदीही वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. त्यांच्या वयाच्या आणि त्यांच्या आजाराच्या माणसावर हा प्रयोग घरी करायचा नाही. आमटी-भाजीतलं नेहमीचं आलं चालू द्या. ते त्यांच्या जेवणात आधीपासून आहे आणि गोळीचं प्रमाण त्या जेवणासकटच ठरलंय. रोजचा काढा मात्र नवीन भर आहे. तो आज थांबवा, किती दिवस दिला ते हृदयरोगतज्ज्ञांना फोन करून सांगा आणि आयएनआर कधी करायचा ते त्यांनाच विचारा. काढा बंद केल्यावरही आकडा हलू शकतो, म्हणून बंद केल्याचंही सांगायचं. हिरड्यांतून रक्त, अंगावर आपोआप निळे डाग, लघवीत लाली किंवा काळी शौच दिसली तर फोनची वाट न बघता दवाखान्यात न्या.

ॲस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल चालू असलेल्यांनी, शस्त्रक्रियेची तारीख ठरलेल्यांनी आणि पित्ताशयात खडे असलेल्यांनीही आल्याचा काढा रोज सुरू करण्याआधी आपल्या डॉक्टरांना विचारावं. मधुमेहींना पेल्यातल्या आल्यापेक्षा त्यातला मध-गूळ जास्त बाधतो.

जाऊबाईंना आल्याचा उपयोग होईल. गरोदरपणातल्या मळमळीवर आल्याचा अभ्यास बऱ्यापैकी झालाय, आणि त्यातली मात्रा साधारण दिवसाला एक ग्रॅम सुंठ, तीही तीन-चार वेळांत वाटून, अशी आहे. म्हणजे एका वेळी पाव ग्रॅम, दोन बोटांच्या चिमटीत मावेल एवढीच. तुमचा काढा त्यांना देऊ नका. सकाळी अंथरुणातून उठण्याआधी कोरडं काहीतरी, एखादा खाखरा किंवा मूठभर लाह्या खाव्यात. त्यानंतर दहा-पंधरा मिनिटांनी चिमूटभर सुंठ गुळाच्या खड्यात दाबून चघळावी, किंवा आल्याचा एक काप टाकलेलं कोमट पाणी घोट घोट घ्यावं. वासाने उलटी येत असेल तर गरम वाफाळतं काही नकोच, गार करून द्या. त्यांच्या स्त्रीरोगतज्ज्ञांना हे सांगून ठेवा. आधी गर्भपात झालेला असेल किंवा रक्तस्राव होत असेल तर विचारल्याशिवाय काहीच नको. प्रसूतीचे दिवस जवळ आल्यावर आल्याचे असे उपचार थांबवावेत. पाणीही पोटात टिकत नसेल, लघवी कमी आणि गडद होत असेल तर घरगुती उपायांत वेळ घालवू नका. सलाईनची गरज पडू शकते.

काढ्यात आणखी काय काय घालू, असं पुष्कळजण विचारतात, म्हणून दोन गोष्टींबद्दल सावध करते. ज्येष्ठमध घशाला गोड वाटतं, पण रोज आठवडेच्या आठवडे घेतलं तर रक्तदाब वाढतो आणि पोटॅशियम घटतं. रक्तदाबाची गोळी चालू असेल त्यांनी ते काढ्यात घालूच नये. बाजारातली जाड, कडक दालचिनी बहुधा कॅशिया असते. तिच्यात कूमारिन असतं आणि ते रोज मोठ्या प्रमाणात पोटात गेलं तर यकृताला बाधू शकतं. पातळ पापुद्र्यांची, बोटाने चुरगळणारी खरी दालचिनी घ्या, आणि तीही तुकडाभरच.

सुंठ घ्यायची तर अख्खी घ्या आणि लागेल तशी खलबत्त्यात कुटा. पांढरीशुभ्र सुंठ चांगली, असा समज आहे. तो पांढरेपणा बहुतेक वेळा चुन्याच्या निवळीचा असतो. मी मातकट, तपकिरी, तोडल्यावर आत पिठूळ आणि झणझणीत वासाची सुंठ निवडते. कीड लागलेली किंवा बुरशी धरलेली सुंठ उन्हात तापवून वापरू नका, फेकून द्या. ओलं आलं कोरड्या कागदात गुंडाळून फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात ठेवा, किंवा कुंडीत ओलसर वाळूखाली पुरून ठेवा. कोंब फुटला तरी चालतं. मऊ पडलेला, पाणी सुटलेला, कुबट वासाचा भाग मात्र कापून उरलेलं वापरण्याचा मोह टाळा.

तुमच्यापुरतं आता असं करा. पुढचे पंधरा दिवस आलं, लिंबू, मिरी आणि कोरा चहा बंद. सकाळी उठल्यावर साधं कोमट पाणी, अर्ध्या तासात काहीतरी खाणं. दहा-बारा काळे मनुके रात्री भिजवून सकाळी चावून खा. नाश्त्याला मऊ भात-तूप किंवा ज्वारीच्या लाह्या आणि दूध; आंबवलेलं आणि तळलेलं काही दिवस टाळा. तोंडातल्या फोडांना साजूक तूप लावा. रात्रीचं जेवण झोपण्याआधी तीन तास उरकलं तर ढेकर आठवड्यात कमी व्हायला हवेत. कार्तिक संपला आणि सकाळी शाल लागायला लागली की दोन कापांच्या पेल्याने पुन्हा सुरुवात करा, नाश्त्याबरोबर. तीन आठवड्यांनंतरही जळजळ राहिली तर डॉक्टरांकडून तपासून घ्या. गिळताना अडकत असेल, वजन उतरत असेल, काळी शौच होत असेल किंवा श्रमाने छातीत दाब येऊन तो हाताकडे, जबड्याकडे जात असेल, तर त्याला पित्त म्हणून थांबू नका, त्याच दिवशी जा.

सासऱ्यांचा आयएनआर आला की मला कळवा.